मिसळणाच्या डब्यावरचं घड्याळ

फोन आला तेव्हा मी आधी कारखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून सतरा मिनिटं. मरणाची बातमी ऐकताना कोणी वेळ बघत नसेल, पण ही खोड मला ज्याने लावली त्याच्याच मरणाची ती बातमी होती. परबकाकू बोलत होत्या, पेडणेकरच्या शेजारच्या. "सुनंदा, असशील तशी ये गं. पेडणेकर गेले." मी विचारलं, "गेले म्हणजे कुठे?" बाई बिचाऱ्या रडायला लागल्या, आणि मी हातातली सोल्डरिंगची सळई स्टँडवर ठेवायची विसरले. टेबलाच्या सनमायकावर तिचा काळा डाग पडला. सहा आठवडे होऊन गेले, तो डाग तसाच आहे. कोणीतरी म्हणालं, घासून काढू. मी म्हटलं, हात लावू नका.

मनोहर पेडणेकर आणि मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात सत्तावीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. दुकानातल्या वजनकाट्यांच्या आतली कार्डं आमच्याकडे बनतात. मी सोल्डरिंगला, तो टेस्टिंगला. म्हणजे मी जे जोडीन त्यातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळायचा. अशा माणसाशी मैत्री होणं कठीण, पण झाली. तो मालवणकडचा, मी बुलढाण्याकडची; त्याच्या डब्यात सुकी मासळी, माझ्या डब्यात ठेचा; दोघांची तोंडं तिखट. त्याला मी इथे 'तो'च म्हणणार आहे. जिवंतपणी कधी अहोजाहो केलं नाही, आता फोटोला हार घातला म्हणून सुरू केलं तर तो फोटोतून शिव्या घालेल.

घड्याळं बनवणं हा त्याचा नाद. विकत घ्यायची नाहीत, बनवायची. लाल आकडे लुकलुकणारी. नकाशा तो काढायचा, जोडायचे मी. पहिलं बनवलं ते विजेचे हेलकावे मोजणारं. घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, ते मोजायचे, पन्नास झाले की एक सेकंद. ते त्याने कारखान्यात लावलं. पण बाजूच्या गाळ्यातलं ड्रिल मशीन सुरू झालं की लाइनवर कचरा यायचा, घड्याळाला नसलेले हेलकावे दिसायचे, आणि आमची जेवणाची सुट्टी चार मिनिटं लवकर व्हायची. आम्हा कोणाची तक्रार नव्हती. तक्रार त्याची एकट्याची. मग तो क्रिस्टलकडे वळला. तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी नळी, तिच्या आतला तुकडा सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो. तो तरी प्रामाणिक असेल असं त्याला वाटलं. तोही महिन्याला पाऊण मिनिट चुकायचा. पेडणेकर एका बारीक स्क्रूने त्याला केसाएवढा फिरवायचा, रोज सकाळी रेडिओवरच्या ठोक्यांशी ताडून बघायचा, आणि वहीत लिहायचा: अमुक सेकंद पुढे, तमुक मागे. त्या वहीवरूनच त्याला कळलं की उन्हाळ्यात घड्याळ मागे पडतं, फ्रिजवर ठेवलं तर आणखी मागे. मग गणपतीच्या मखरातलं उरलेलं थर्माकोल कापून त्याने क्रिस्टलला घर बांधलं. दमट हवेत कार्डावर उरलेला सोल्डरचा चिकटा त्रास देतो हे कळल्यावर माझ्या मागे लागला. मी ब्रशने, स्पिरिटने एकेक कार्ड तान्ह्या पोरासारखं पुसून द्यायचे. उपग्रहावरून वेळ घेणारा सुटा भाग बाजारात मिळतो, तो लावला की प्रश्न मिटतो, हे मी त्याला शंभरदा सांगितलं. तो म्हणायचा, "ते दुसऱ्याचं घड्याळ बघून आपलं लावणं झालं. त्यात काय आहे? आपलं घड्याळ एकटं सोडलं तर महिनाभरात एक सेकंदापेक्षा जास्त चुकता कामा नये. ते झालं की मी थांबेन."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, शालनवहिनींचा अंगठा थरथरायला लागेपर्यंत.

शालनवहिनी म्हणजे त्याची बायको. मूलबाळ नाही, दोघंच. चपात्या लाटताना पोळपाटावर लाटणं वाजायला लागलं, तेव्हा त्यांना वाटलं अशक्तपणा असेल. डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. दर तीन तासांनी एक गोळी, ठरल्या वेळी, चुकवायची नाही आणि दुप्पटही घ्यायची नाही. पहिल्या वर्षात एकदा घोटाळा झाला. घेतली की नाही हे न आठवून वहिनींनी दुसऱ्यांदा गोळी घेतली, आणि संध्याकाळी त्यांना सोफ्यावर अनोळखी माणसं बसलेली दिसू लागली. त्यांना त्या चहा विचारत होत्या. पेडणेकर घरी आला तेव्हा टीपॉयवर चार कप मांडलेले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सुट्टी झाल्यावर त्याने माझ्या टेबलावर एक स्टीलचा मिसळणाचा डबा ठेवला. मधल्या वाटीभोवती सहा वाट्या असतात तो. "सहा वाट्या, सहा गोळ्या," तो म्हणाला. "झाकण पक्कं, त्याला एकाच वाटीएवढं भोक. खाली मोटर. वेळ झाली की एक वाटी पुढे सरकेल. तोपर्यंत कोणाच्या बापाला गोळी मिळणार नाही."

ते आम्ही महिन्याभरात बनवलं. वर लाल आकड्यांचं घड्याळ, खाली डबा. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर तीन तासांनी घंटा वाजायची, डबा कुरकुरत फिरायचा, भोकाखाली गोळी यायची, आणि ती उचलेपर्यंत घंटा थांबायची नाही. वेळ लावायला बाजूला एकच बटण, एका छोट्या पट्टीवर बसवलेलं. दाबलं की घड्याळ एक मिनिट पुढे. पट्टी दोन वायरींनी आतल्या कार्डाला जोडलेली. ते सगळे जोड माझ्या हातचे. पेडणेकर सकाळी वाट्या भरून साडेआठला निघायचा आणि निर्धास्त यायचा. डबीतल्या थर्माकोलच्या घरात क्रिस्टल, डब्यात गोळ्या, घरात बायको, सगळं वेळेवर. इतका सुखी मी त्याला आधी कधी बघितला नव्हता.

दोनेक वर्षं ते घड्याळ वहीप्रमाणे चाललं. मग चार वर्षांपूर्वी, गणपती उठल्यावर, बिनसलं. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर घड्याळ अकरा मिनिटं पुढे. सकाळी बरोबर लावून जावं, संध्याकाळी चौदा मिनिटं पुढे. सेकंदावर जीव टाकणाऱ्या माणसाच्या घड्याळाने रोज दहा-पंधरा मिनिटं खावीत... त्याची झोप उडाली. क्रिस्टल बदलला. आयसी बदलली. लाइनवर फिल्टर लावला. रविवारी मात्र घड्याळ एकदम सरळ चालायचं. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की रविवारी इस्टेट बंद, कारखान्यांच्या मोटारी बंद, म्हणजे दोष लाइनमधल्या कचऱ्याचाच. म्हणून त्याने घड्याळ विजेवरून काढून बॅटरीवर चालवून बघितलं. तरी सोमवारी तेरा मिनिटं पुढे.

मग एके दिवशी तो वही घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "सुनंदा, सेकंद बघ. फोनवरचे सेकंद आणि घड्याळातले सेकंद तंतोतंत. चुकतात ती फक्त मिनिटं, आणि पुरी पुरी मिनिटं. म्हणजे क्रिस्टल चांगला आहे. बटणाचा जोड सैल आहे. आपोआप संपर्क होतो आणि मिनिट उडतं." एवढं बोलून थांबला असता तर ठीक होतं. पण रागाने त्याची मालवणी सुटली आणि सगळ्या टेबलांनी ऐकलं. "तुझो जॉइंट ड्राय आसा. तुझो हात गेलो आता."

ड्राय म्हणजे वरून धरलेला दिसणारा पण आतून सुटलेला जोड; सोल्डरिंग करणाऱ्या बाईला यापेक्षा मोठी शिवी नाही. मी एकोणीस वर्षांची असल्यापासून हेच काम केलंय. लग्न झालं, मोडलं, मुलगी वाढवली, सगळं या हातावर. मी ती पट्टी सोडवली, नवं बटण, नवा जोड, भिंग लावून तपासून दिली. दुसऱ्या दिवशी घड्याळ सोळा मिनिटं पुढे. तो फक्त वही माझ्या टेबलावर उघडी ठेवून गेला. ते जास्त लागलं.

त्या रात्रीपर्यंत माझं मलाच खरं वाटायला लागलं होतं की वय झालं, हात गेला. पण सेकंद बरोबर आणि मिनिटं चुकीची हे काही डोक्यातून जाईना. सैल जोड असा हिशेबी नसतो. तो दिवसाही उडेल, रात्रीही उडेल, रविवारची सुट्टी घेणार नाही. रविवारी काय वेगळं असतं? रविवारी पेडणेकर घरी असतो.

दाताच्या डॉक्टरचं निमित्त करून मी एका दुपारी अर्धी रजा टाकली आणि त्याच्या घरी गेले. वहिनी खूश झाल्या. कोकम सरबत केलं, माझ्या मुलीची चौकशी केली, परबकाकूंच्या सुनेची नक्कल करून दाखवली. अडीच वाजून गेले आणि त्यांचं बोलणं मंदावायला लागलं. चेहऱ्यावर इस्त्री फिरवावी तसे सगळे भाव सपाट झाले. ग्लास टेबलावर ठेवायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. मी उठले, तर मानेनेच नको म्हणाल्या. मग भिंतीला धरून, पाय उचलता येईना म्हणून घसटत, शोकेसपर्यंत गेल्या. घड्याळात दोन त्रेपन्न. बोटं सरळ होत नव्हती, म्हणून मुठीच्या हाडाने त्यांनी बटण दाबलं. एकदा, दोनदा... सात वेळा. तीन वाजले. घंटा वाजली, डबा फिरला. गोळी तोंडात टाकून त्या खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले. वीस मिनिटं गेली. मग त्यांच्या चेहऱ्यावर चेहरा परत आला.

"यांना सांगू नकोस," त्यांचं पहिलं वाक्य.

"वहिनी, गोळी तीन तास पुरत नाही तुम्हाला. डॉक्टरांना सांगायला हवं."

"सांगेन. दिवाळी होऊ दे." थोडा वेळ पदराचं टोक चाचपत राहिल्या. "त्यांना वाटतं, घड्याळ बरोबर आहे तोवर मी बरी आहे. गोळी पुरेना म्हटलं की दुखणं वाढलं. मग ते नोकरी सोडून माझ्यासमोर बसणार, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहणार. एवढी दिवाळी होऊ दे गं. शपथ आहे माझी."

शपथ-बिपथ मी मानत नाही. तरी गप्प राहिले. का राहिले, हे मला आजही धड सांगता येणार नाही. त्या बाईकडे स्वतःच्या मर्जीची एवढी एकच गोष्ट उरली होती, गोळीमागची पाच-सात मिनिटं, आणि ती काढून घेणारी मी कोण, असं काहीसं वाटलं असावं.

पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. पेडणेकर रोज सकाळी येऊन मिनिटं वाचून दाखवायचा. सतरा. एकोणीस. बावीस. मला उत्तर माहीत होतं आणि मी मान खाली घालून कार्डं जोडत होते. सुपरवायझरने माझी कार्डं दोनदा तपासायला सांगितलं. टेबलावरच्या बाकीच्या बायका माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तशा बोलायला लागल्या. रोज ठरवायचे, आज सांगते. आणि रोज बघायचे, दिवाळीला किती दिवस राहिले.

मग तो मंगळवार आला. जेवणाच्या सुट्टीत पेडणेकरने पिशवीतून घड्याळ काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. डबा घरीच, नुसतं घड्याळ. वहिनींना दिवसभराच्या गोळ्या परबकाकू हातात देणार होत्या. "ही पट्टीच काढून टाक. बटणच नको. वेळ लावायची तर मी झाकण उघडून आतून लावीन. बघू आता कसं उडतं मिनिट."

मी सळई हातात घेतली. टोक तापलं. दोन वायरी, दोन जोड, अर्ध्या मिनिटाचं काम. तो समोर हाताची घडी घालून उभा. सांगायचं असेल तर आत्ता, हे मला स्वच्छ कळत होतं. बटण गेलं की वहिनींची ती पाच-सात मिनिटं जाणार, आणि घड्याळात तीन वाजेपर्यंत डबा फिरणार नाही म्हणजे नाही. आम्हीच तो तसा बनवला होता.

"काय गं? थांबलीस का?"

"काही नाही," मी म्हटलं. आणि पट्टी काढली.

खरं तेच लिहायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आधी हे आलं की उद्या घड्याळ बरोबर चालेल आणि माझा हात... नाही, उलट! बटण काढल्यावर ते बरोबर चाललं तर दोष बटणाचाच ठरणार, माझाच ठरणार. हे कळत असूनही वाटलं की जाऊ दे, एकदाचं संपेल. वहिनींना बोलावंच लागेल, आणि मला या तोंडावरच्या कुलपातून सुटका मिळेल. माझी सुटका आधी आली, वहिनी नंतर आल्या. चार वर्षं मी हे स्वतःशीच ठेवलं होतं. पेडणेकरने पट्टी उचलून शर्टाच्या खिशात टाकली आणि घड्याळ पिशवीत घालून जागेवर गेला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, बारा वाजून वीस मिनिटांनी त्याचा फोन वाजला. परबकाकूंच्या घरात या घरातली घंटा ऐकू येते. ती वाजायची थांबेना, म्हणून त्या किल्लीने दार उघडून आत गेल्या होत्या. आम्ही दोघं रिक्षाने निघालो. पाच-सात मिनिटांचा रस्ता, पण त्या दिवशी सिग्नल सुटेना. पेडणेकर पुढच्या दांड्याला धरून बसला होता. मी रिक्षातच सांगायला हवं होतं.

घरभर जळलेल्या डाळीचा धूर. गॅस परबकाकूंनी बंद केला होता, पण घाबरून डब्याला हात लावला नव्हता. वहिनी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, डावं मनगट विचित्र वळलेलं, कोपरावर गरम डाळ सांडून कातडी सोललेली. पावणेबाराला ओट्यासमोरच त्यांचं अंग थिजलं होतं. वळताही येईना आणि हाकही मारता येईना. समोर डाळ उतू गेली, करपली, आणि बारा वाजता सहा पावलांवर घंटा वाजली, डबा फिरला, गोळी आली... आणि त्या तिथपर्यंत पोचल्या नाहीत. पेडणेकरने गोळी उचलून त्यांच्या जिभेवर ठेवली, तेव्हा कुठे घंटा थांबली. त्या शांततेत त्याने शोकेसकडे बघितलं, खिशातून फोन काढला, आणि दोन्हीकडचे सेकंद बघत उभा राहिला. एकदम बरोबर होतं घड्याळ. एका सेकंदाचाही फरक नव्हता.

वहिनींच्या मनगटाला प्लास्टर घालत होते तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मी सगळं सांगितलं. मूठ, सात वेळा, शपथ, दिवाळी. तो ऐकत राहिला. मग एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?" मी म्हटलं, "तीन आठवडे." तो उठून पाण्याच्या टाकीपाशी गेला आणि भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ उभा राहिला.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. दिवाळी आली, गेली. शेजारच्या टेबलावर बसून माझी कार्डं तपासायचा, बरोबरची खूण करायचा, पुढे ढकलायचा. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. डॉक्टरांनी दोन गोळ्यांमधला वेळ अडीच तास केला, हे मला परबकाकूंकडून कळलं. आता दिवसाला सात गोळ्या. डब्यात सहाच मावतात, म्हणून रात्रीची शेवटची तो स्वतः वहिनींच्या हातावर ठेवतो, हेही त्यांच्याकडूनच.

मग एका सकाळी माझ्या टेबलावर एक नवं कार्ड आणि दाराच्या बेलचं मोठं, तळहाताएवढं बटण ठेवलेलं होतं. सोबत चिठ्ठी: 'हे जोडून दे. दाबल्यावर वेळ पुढे जाणार नाही, फक्त लक्षात ठेवली जाईल. अंग आखडायला लागलं की शालन दाबेल.' मी जोडून दिलं. संध्याकाळी निघताना तो म्हणाला, "जॉइंट चांगले आहेत." बस. तिथून पुढे आम्ही परत बोलायला लागलो, भांडायलाही लागलो, पण त्या बुधवारबद्दल कधी बोललो नाही. वही मात्र बदलली. आधी एकच रकाना असायचा, घड्याळ किती चुकलं. आता दुसरा आला: शालन, किती वाजता. रोज संध्याकाळी तो घड्याळातून वेळा उतरवून घ्यायचा, आणि दर तीन महिन्यांनी वही घेऊन डॉक्टरांसमोर बसायचा.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. त्याला शेवटचं भेटले ते जाण्याच्या आठ दिवस आधी. वजन उतरलं होतं, पण गप्पा त्याच. म्हणाला, "या महिन्यात घड्याळाला हात लावणार नाही. एकटं सोडणार. बघू, एक सेकंदात राहतं का." निघताना दारात थांबवून म्हणाला, "सुनंदा, तुझा हात..." आणि वहिनींनी आतून हाक मारली म्हणून राहून गेलं. आठ दिवसांनी, सकाळी वाट्या भरताना, त्याचं हृदय बंद पडलं. मी पोचले तेव्हा पाच वाट्यांत गोळ्या होत्या. सहावी त्याच्या मुठीत होती. ती मी सोडवून घेतली आणि वाटीत ठेवली, कारण पुढची घंटा कोणासाठी थांबणार नव्हती.

आता वहिनींची धाकटी बहीण तिथे राहायला आलीय. मी दर रविवारी जाते, दहिसरहून. गेल्या रविवारी घड्याळातला छोटा सेल बदलायचा म्हणून झाकण उघडलं. आत थर्माकोलचं घर, माझी कार्डं, आणि कोपऱ्यात चिकटपट्टीने चिकटवलेली प्लास्टिकची छोटी पिशवी. पिशवीत ती पट्टी, ते बटण, आणि त्याच्या अक्षरातला घडी केलेला कागद. 'मंगळवार, संध्याकाळ. पट्टी दोन तास मीटरला लावली. ठोकली, वाकवली, तापवली. एकदाही चुकीचा संपर्क नाही. बटण ठीक. जॉइंट ठीक. सुनंदाचा हात ठीक.'

मंगळवार... मी पुन्हा वाचलं. म्हणजे बुधवारच्या आदल्या संध्याकाळी त्याला कळलं होतं. बटण ठीक, जोड ठीक, तर मग मिनिटं हाताशिवाय उडणार नाहीत, आणि त्या घरात दिवसा एकच हात असतो. कळूनही तो सकाळी घड्याळ तसंच ठेवून कामाला आला? मी कागद वहिनींसमोर धरला. त्यांनी तो दुरूनच वाचला, बहुतेक पाठ असल्यासारखा.

"त्या रात्री जेवताना विचारलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "शालन, खरा सांग, घड्याळाक हात लावतंस काय गो? मी हसले. म्हटलं, माका काय करूचा हा तुमच्या घड्याळाचा? त्यांनी माझ्याकडे बघितलं थोडा वेळ, आणि बरं म्हणाले. पानातला भात संपवला." वहिनींचा हात मांडीवर थरथरत होता. "आयुष्यभर मीटर खरं मानलं त्यांनी. तेवढ्या एका रात्री मला खरं मानलं."

दोन महिने तो माझ्यावर रागावला होता असं मी चार वर्षं धरून चालले होते. तो माझ्यावर रागावलाच नव्हता, स्वतःवर रागावला होता. आणि हे मला सांगायचं तर बायको खोटं बोलली हे सांगावं लागलं असतं. ते त्याच्याच्याने झालं नसतं. तिच्यासाठी मी त्याच्यापासून लपवलं, तिच्यासाठी त्याने माझ्यापासून. वेडा माणूस. मी तिथेच, घड्याळ मांडीवर घेऊन, रडले. वहिनींना रडता येत नव्हतं, चेहरा साथ देत नव्हता. पण त्यांनी तेव्हा प्लास्टर घातलेला तो डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"तो कागद होता तिथे ठेव," त्या म्हणाल्या.

ठेवला. सेल बदलला, झाकण बसवलं, आणि फोन शेजारी धरला. त्याने हात न लावण्याचं ठरवल्याला सहा आठवड्यांच्या वर झाले होते. घड्याळ एक सेकंद मागे होतं. नुसतं एक. मी वहीच्या पहिल्या रकान्यात तसं लिहिलं. मग वेळ बरोबर लावली, कारण मी राहू दे म्हणाले असते तर त्याने मला कारखान्याच्या गेटपर्यंत शिव्या घातल्या असत्या.

दुसऱ्या रकान्यात त्याचं अक्षर जिथे संपतं त्याखाली वहिनींच्या बहिणीचं आहे. ती सेकंद गाळते. म्हणते, काय करायचेत. मी मागची पानं चाळली. वेळा सरकत चालल्यात. गोळीनंतर दोन तास पंचवीस मिनिटं, मग दोन तास वीस, मग सव्वादोन तास. पुढच्या सोमवारी डॉक्टरांची वेळ आहे आणि वही घेऊन मी जाणार आहे. हे वहिनींना सांगायला मान वर केली, तर त्यांचा चेहरा सपाट व्हायला लागला होता. अकराची गोळी यायला अजून अवकाश होता. या वेळी त्यांनी काही लपवलं नाही. मूठ उचलली आणि ते मोठं बटण दाबलं.

मी पेन उघडलं आणि वेळ लिहिली. दहा वाजून चव्वेचाळीस मिनिटं, एकोणीस सेकंद.